पोपटीवर दिलेला शब्द

माझ्या वडलांना एक व्यसन होतं. तंबाखूचं नाही, पत्त्यांचंही नाही. वशिल्याचं. ज्याच्या ओळखीत एखादा साहेब नाही आणि ज्याच्या ओटीवर कधी फौजी येऊन बसला नाही, तो माणूस कितीही राबला तरी जागच्या जागीच राहणार, अशी बाबांची पक्की समजूत होती. म्हणून ते ओळखी करत सुटत. पेणच्या कचेरीतला शिपाई, रोह्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर, आमदाराचा ड्रायव्हर. यांतला एकही जण कधी आमच्या कामाला आला नाही, हे मी आधीच सांगून टाकते. ड्रायव्हरला तर बाबांनी तीन वर्षं घरचे वाल पोचवले, आणि चौथ्या वर्षी कळलं की त्याचा आमदार मागच्याच निवडणुकीत पडलाय. तरी बाबांनी त्या वर्षीचे वाल दिलेच. म्हणाले, परत उभा राहील.

मला याचा भयंकर संताप यायचा. मी नाकावर राग घेऊनच जन्माला आले असं आई म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. शाळेत बाईंनी वशिला म्हणजे वाईट असं शिकवलं होतं, आणि माझा बाप पिशवीत वाल भरून सरळ त्या वाईटाच्या दारात जाऊन उभा राहायचा. लाज वाटायची मला. आता वाटत नाही. ज्यांचा बापच कचेरीत साहेब असतो त्यांना वशिला लागत नाही, तो त्यांच्या घरात जेवायला बसलेला असतो. आमच्यासारख्यांना तो बाहेरून आणावा लागतो. पण ही अक्कल मला फार उशिरा आली.

आमचं गाव कासू स्टेशनच्या खाली, खाडीच्या अंगाला. खालच्या बाजूला भाताची खारी जमीन, वरच्या बाजूला भात कापल्यावर वाल पेरायचे. घर एकत्र. कारभार थोरल्या काकांच्या हातात. आजोबा लवकर गेले, तेव्हा बाबा लहान होते. त्यांना काकांनीच वाढवलं. काका माणूस वाईट नव्हते, पण त्यांचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. त्यांनी काही म्हटलं की बाबा मान खाली घालून 'व्हय दादा' म्हणत. दुसरं उत्तर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

मी पेणहून बारावी पास झाले त्याच थंडीत दोन गोष्टी एकदम घरात आल्या. एक म्हणजे वर्तमानपत्रातली जाहिरात, अलिबागला पोलीस भरती आहे आणि मुलींनाही घेणार आहेत. दुसरी, काकांनी आणलेलं निडीकडचं स्थळ. घरची भातगिरण, एकुलता एक मुलगा. मुलात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. पुढे त्याचं दुसरीकडे जमलं आणि तो चांगला सुखात आहे. पण मला गिरणीत कोंडा उडताना बघत जन्म काढायचा नव्हता. मला खाकी घालायची होती. मी ते सरळ जेवताना बोलून टाकलं.

काकांनी हातातला घास खाली ठेवला. पोरीच्या जातीने पँट घालून चोर पकडायचे, आणि मग तिला करून घेणार कोण, असं त्यांनी शांतपणे विचारलं. ओरडले असते तर बरं झालं असतं, मी पण ओरडले असते. त्यांनी सांगितलं की वैशाखात लग्न उरकायचं. मी बाबांकडे बघितलं. बाबा म्हणाले, "व्हय दादा."

त्या रात्री मी जेवले नाही. बाबांशी दोन दिवस बोलले नाही. तिसऱ्या दिवशी बाबा सकाळची गाडी धरून रोह्याला गेले.

रोह्यात एका कंपनीच्या गेटावर एक सुभेदार होते. फौजेतून निवृत्त होऊन गेटवरच्या वॉचमनांचे मुख्य झालेले. मूळचे घाटावरचे, सहा फुटी, मिशा अशा की समोरचा माणूस आपोआप सरळ उभा राहायचा. बाबांची त्यांची ओळख रोह्याच्या गाडीत झाली होती. रेल्वे आमच्याकडे तशी नवीच आली होती आणि बाबा कामाशिवायही तिच्यात बसत, कारण डब्यात ओळखी होतात. सुभेदारांना त्यांनी खिडकीची जागा दिली होती. तेवढ्या भांडवलावर बाबा त्यांना म्हणाले, येत्या रविवारी आमच्याकडे पोपटीला या.

पोपटी म्हणजे आमच्या भागातला थंडीतला सोहळा. मडक्याला आतून भांबुर्ड्याचा पाला लावायचा, त्यात वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मीठ-ओवा लावलेली कोंबडी भरायची, तोंडाशी परत पाला कोंबायचा, मडकं शेतात पालथं घालायचं आणि भोवती पेंढा-लाकडं रचून पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंब नाही की तेलाचा. अर्ध्या तासात काय वास सुटतो ते सांगून कळायचं नाही, त्यासाठी आमच्याकडेच यायला हवं.

सुभेदार आले ते दुपार कलताना, कडक इस्त्रीत. सगळी आळी वालाच्या शेतात जमली होती. त्यांनी पोपटी कधी बघितली नव्हती. मडकं पालथं का घालता, सरळ ठेवलं तर काय बिघडतं, अशी आधी चौकशी केली. मग जाळ कमी पडतोय असं त्यांना वाटलं आणि त्यांच्यातला फौजी जागा झाला. जमलेल्या बाप्यांकडे बघून त्यांनी हुकूम सोडला की पेंढा आणा, आणि चालत नाही, डबल! आणि काय सांगू, आख्खी आळी धावली. त्यात आमचे काकाही होते. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाचं ऐकलं नव्हतं, तो डोक्यावर पेंढ्याचा भारा घेऊन धोतर सावरत धावत आला. मला हसू आवरेना. आईने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की आठ दिवस निळं होतं.

मडकं उघडलं. सुभेदार बसले ते बसलेच. शेंगा सोलतायत, खातायत, मान हलवतायत. तीन अंडी झाली, कोंबडीची तंगडी झाली. आणि मग बाबांनी, सगळ्यांच्या देखत, काका शेजारीच बसले असताना, हात जोडले. म्हणाले, साहेब, पोरीला पोलिसात घालायची हाय, अलिबागला तुमचा शब्द पडला तर बरं होईल.

सुभेदारांनी हातातली शेंग खाली ठेवली, मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "झालंच म्हणून समजा."

लोकांनी काकांकडे बघितलं. काकांनी सुभेदारांकडे बघितलं, सुभेदारांच्या खांद्याकडे बघितलं, आणि बराच वेळ घसा खाकरून म्हणाले, साहेब म्हणतायत तर भरतीपर्यंत थांबू. नाही लागली तर मात्र वैशाख. असं एकदाचं ठरलं. भरती नाहीतर भातगिरण.

मी आनंदाने नाचायला हवं होतं. मी फणफणत घरी गेले. म्हणजे माझी नोकरी एका तंगडीवर आणि तीन अंड्यांवर लागणार होती! बाबांना म्हटलं, मला नको असली नोकरी, मी माझ्या हिमतीवर लागेन. बाबा चुलीपाशी हात शेकत बसले होते. म्हणाले, तू पळायचं बघ, बाकीचं माझ्यावर सोड.

पळायचं बघायला सुभेदार दर रविवारी सकाळच्या गाडीने येऊ लागले. आमच्याकडे मैदान कुठलं? खाडीचं पाणी अडवणारा मोठा बांध, तेच मैदान. जेमतेम दोन हात रुंद, एका अंगाला खाजणाची दलदल, दुसऱ्या अंगाला शेतं. त्या बांधावर मी सलवार-कुडता घालून, ओढणी कमरेला करकचून बांधून धावायची. आमच्या गावात तोवर तरण्या मुलीने सलवार घातली तरी बायका हंडा बाजूला ठेवून बघत. धावणारी मुलगी तर कुणी पाहिलीच नव्हती. कुजबुज सुरू झाली, एकीने तर आईला पाणवठ्यावर अडवून विचारलं की तुझ्या पोरीच्या मागे कोन लागलंय गो? आणि उत्तर कुणी दिलं असेल? काकांनी. ते ओटीवरून गरजले की सुभेदारसाहेबांचा हुकूम आहे, ज्याला काही बोलायचंय त्याने रविवारी येऊन त्यांच्याशी बोलावं. रविवारी कुणी आलं नाही. त्यानंतर पुन्हा कुणी विचारलंही नाही.

गोळाफेकीला गोळा नव्हता. मी आईचा वरवंटा घेतला. चौथ्या दिवशी तो दगडावर आपटून दुभंगला. आईने त्या दिवशी मला, बाबांना, पोलीस खात्याला आणि हिंदुस्थानच्या फौजेला, कुणालाही सोडलं नाही. सासूने दिलेला वरवंटा होता तो. पुढचे पंधरा दिवस आम्ही शेजारणीकडून चटणी वाटून आणत होतो आणि मी नदीतला गोटा फेकत होते.

तिसऱ्या रविवारी मी बांधावर चार खेपा मारून धापा टाकत बसले होते. सुभेदार जवळ येऊन बसले. मग खालच्या आवाजात म्हणाले, "पोरी, तुझ्या बाबांना बोलू नकोस. अलिबागला मी कुणालाही ओळखत नाही."

म्हणाले, अलिबागला एकदाच गेलोय, किल्ला बघायला, तेही ओहोटी चुकल्यामुळे किनाऱ्यावरूनच परत आलो. सगळी नोकरी डोंगरात खेचरांवर सामान लादण्यात गेली, तिथे कसले पोलीस साहेब भेटणार? मग त्या दिवशी शब्द का दिलात, असं मी विचारलं. ते अगदी कसनुसे झाले. एवढी पोपटी खाल्ल्यावर आणि एवढी माणसं बघत असताना नाही कसं म्हणायचं, असं म्हणाले. मग उभे राहून पँट झटकली आणि आणखी दोन खेपा मारायला सांगितल्या.

मला आधी राग आला, मग असं हलकं हलकं वाटलं की विचारू नका. वशिला नव्हताच! लागले तर माझी मीच लागणार होते. बाबांची मात्र कीव आली. ते बिचारे रोज ज्याला त्याला सांगत होते की आमचं काम वरून झालंय. मी सुभेदारांना वचन दिलं की बाबांना कळू देणार नाही, आणि ते पाळलंही.

भरतीच्या दिवशी बाबा आणि मी पहाटेच निघालो आणि पेणहून एस.टी.ने अलिबागला पोचलो. मैदानावर ही गर्दी. गोळा बरा गेला. गोट्यापेक्षा तो हाताला सोपाच वाटला. लांब उडीही पार पडली. शेवटी धावणं. बाबा कुंपणाबाहेर तारेला धरून उभे होते.

शिट्टी झाली. मुरुमाचं सपाट मैदान! चिखलाच्या बांधावर पाय रोवून रोवून धावणाऱ्या मला ते अंगणासारखं वाटलं. पहिल्या फेरीत मी पुढच्या घोळक्यात होते. आणि मग माझ्या पुढे एक उंच मुलगी होती, ती दमली. तिचा वेग पडला, तसा माझाही पडला. मी तिच्या मागे मागे धावत राहिले.

का, ते आमच्या बाजूच्या माणसालाच कळेल. बांधावर पुढच्याला ओलांडून जायचं नसतं. दोघं बरोबरीने आले की कड ढासळते, कड ढासळली की भरतीचं पाणी आत येतं, आणि एकदा खारं पाणी शिरलं की साऱ्या गावाचं भात तीन वर्षं गेलं. म्हणून पोरं चालायला लागली की पहिली हीच शिस्त. पुढच्याच्या मागे राहायचं, रुंद जागा येईपर्यंत थांबायचं. मोडली की पायांवर फोक. मी तर दोन महिने रोज त्याच बांधावर धावले होते, कधी शेणाची पाटी घेतलेल्या बाईच्या मागे, कधी म्हशीच्या मागे. माझ्या डोक्याला कळत होतं की हिला मागे टाकायला हवं. पायांना कळत नव्हतं. बाजूने एक गेली, दुसरी गेली, तिसरी गेली, आणि मी आपली रुंद जागा यायची वाट बघतेय! डोळ्यांसमोर भातगिरण दिसायला लागली, तरी पाय बाजूला पडेना.

तेवढ्यात कुंपणाकडून आवाज आला. बाबा कधी मोठ्याने बोलत नसत, त्यामुळे आधी मला तो ओळखूच आला नाही.

"अगो, बांध नाय तो! मैदान हाय! जा फुडं!"

कुणीतरी मागून ढकलावं तसं झालं. मी बाजूला झाले आणि सुटले. ती उंच मुलगी मागे पडली, मग तिघींतल्या दोघी. शेवटची रेघ ओलांडून मी जमिनीवर बसले तेव्हा तिकडे एक हवालदार बाबांना तारेपासून हाकलत होता आणि बाबा त्यालाच नमस्कार करून ओळख काढत होते.

नाव यादीत लागलं. खालून पाचवं होतं, पण होतं. काकांनी स्वतः कासूच्या बाजारातून पेढे आणले आणि 'आमची पोलीस' म्हणून घरोघर वाटले. निडीला निरोपही त्यांनीच धाडला. बाबा म्हणाले, आधी सुभेदारांकडे जाऊ. वालाची गोणी घेऊन आम्ही दोघं रोह्याला गेलो. बाबा सुभेदारांच्या पाया पडायला वाकले तसे सुभेदार दोन पावलं मागे सरले. म्हणाले, मी काही केलं नाही हो, खरंच काही केलं नाही, पोरगी आपल्या पायांवर लागली. बोलताना एकसारखे माझ्याकडे बघत होते. बाबांनी गोणी त्यांच्या दारात ठेवलीच. परतताना गाडीत मला म्हणाले, मोठी माणसं अशीच असतात, केलेलं बोलून दाखवत नाहीत. मी खिडकीबाहेर तोंड केलं आणि ओठ चावून बसले.

पुढे माझी सगळी नोकरी त्याच जिल्ह्यात झाली. शिपाई म्हणून लागले, हवालदार झाले, फौजदाराच्या हुद्द्यापर्यंत जाऊन निवृत्त झाले. लग्न केलं, मुलं झाली. आणि इतकी वर्षं दरेक लग्नात, बारशात, दरेक पोपटीला बाबा तीच गोष्ट सांगायचे. आमच्या पोरीला सुभेदारांनी लावली हो, एका शब्दावर काम झालं. मी शेजारी गणवेशात उभी, आणि फुप्फुसं फाटेस्तोवर धावले मी, आणि कौतुक कुणाचं, तर तीन अंडी खाणाऱ्याचं! जीभ शिवशिवायची. पण वचन दिलं होतं. सुभेदार गेले तेव्हा त्यांच्या तेराव्याला मी गेले होते. तिथेही बाबांनी ती गोष्ट सांगितलीच.

मागच्या थंडीतली गोष्ट. बाबा आता नव्वदीला आलेत, कानांनी कमी ऐकतात, बाकी ठणठणीत. आम्ही दोघं अंगणात भिजवलेले वाल सोलत बसलो होतो. गावातला एकजण मुलाच्या नोकरीचं विचारायला आला, आणि बाबांनी त्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पोपटी, पेंढा, शब्द. तो गेला आणि माझा तोल गेला. सुभेदार आता नाहीत, वचन कुणासाठी पाळायचं? मी मोठ्या आवाजात सगळं सांगून टाकलं. की बाबा, ते अलिबागला कुणालाही ओळखत नव्हते. त्यांनी कुणाकडे शब्द टाकला नाही. त्यांनी मला स्वतः बांधावर सांगितलं होतं.

बोलून गेले आणि लगेच पस्तावले. म्हाताऱ्या माणसाचा एवढाच एक अभिमान, तो कशाला हिरावून घेतला असं झालं.

बाबांनी हातातला वाल सोलला, वाटीत टाकला. "मला ठाव हाय," ते म्हणाले. "हयातभर वशिले धुंडाळले मी. खरी वळख असलेला मानूस 'बघतो' म्हनतो. 'झालंच म्हनून समज' म्हननाऱ्याच्या हातात काय नसतं."

मला एकदम संताप आला. इतकी वर्षं मी तोंड दाबून बसले आणि यांना पोपटीच्याच दिवशी कळलं होतं! मग त्यांना घरी बोलावलं कशाला, आळीसमोर हात जोडले कशाला, गोणीभर वाल दिले कशाला, असं मी एका दमात विचारलं.

बाबा हसले. काकांना जाऊन आता बारा वर्षं झालीत, तरी त्यांनी आधी आत घराकडे एकदा बघून घेतलं.

"तो शब्द अलिबागसाठी नव्हताच गो. दादाला नाय म्हनायची माझी छाती नव्हती. म्हनून फौज बोलावली."